पंचवीस की वीस-पाच?

माझा भाचा मालवणात बसून तौक्ते वादळ संगणकावर पुन्हा उभं करत होता. हो, तेच मे २०२१ चं, आपल्या किनाऱ्यावर पडझड करून गेलेलं. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल फुकट मिळतं. त्याने तयार केलेली मधली फाइल तपासायला पठ्ठ्याने फोर्ट्रानमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला आणि लगेच फोन: “मामानू, फाइल संपली म्हणता!”

फाइल तर चांगली कित्येक एमबीची. मग संपली कशी?

आपण ‘पंचवीस’ म्हणतो, आधी पाच, मग वीस. लिहिताना मात्र २ आधी. संगणकांतही असे दोन पंथ आहेत. काही मोठा बाइट आधी ठेवतात, काही लहान. डॅनी कोहेनने १९८० मध्ये गलिव्हरच्या गोष्टीतल्या अंड्याच्या भांडणावरून त्यांना बिग एंडियन आणि लिटल एंडियन अशी नावं दिली. फोर्ट्रान प्रत्येक नोंदीच्या आधी तिची लांबी लिहितो. इथे लांबी होती ४ बाइट. उलटी वाचली की होतात ६,७१,०८,८६४! एवढं शोधता शोधता फाइल संपणारच.

हे भांडण आपल्या घरातलंही आहे बरं का. पुण्याच्या सी-डॅकचा परम ८००० (१९९१) ट्रान्सप्युटरवर चालायचा, म्हणजे लहान आधी. परम १०००० (१९९८) सनच्या चिपवर आणि परम पद्म (२००३) आयबीएमच्या, दोन्हींत मोठा आधी. परम युवा (२००८) इंटेलवर, पुन्हा लहान! एकाच घराण्यात दोनदा उलटापालट. जुन्या फायली सांभाळणाऱ्यांना विचारा.

आज घरोघरी इंटेल, तरी डब्ल्यूआरएफच्या मधल्या फायली अजून जुन्या वळणाच्या, मोठा आधी. भाच्याने कंपायलरला तसं सांगितलं आणि फाइल मुकाट उघडली.

मला खरी भीती वाटते ती जमिनीच्या उंचीच्या फायलींची. त्यांत लांबी नोंदवलेलीच नसते, नुसते दोन-दोन बाइटचे आकडे. उलटे वाचले तरी तक्रार नाही. किनाऱ्याची १ मीटर उंची होते २५६ मीटर, आणि मॉडेल वारा त्या डोंगरावरून नेतं. म्हणून भाच्याला म्हटलं, आधी उंचीचा नकाशा काढ आणि मालवण समुद्राच्या पातळीला आहे का ते बघ. होतं.