पोटातली दुसरी गाठ

  १९५७च्या सुमाराला मुंबईच्या उपनगरातल्या गरोदर बाईच्या अंडाशयात गाठ असली, तर ती सापडण्याची भिस्त डॉक्टरच्या हातावर. गर्भाशय वाढतं तसं अंडाशय वर सरकतं, आणि चौथ्या महिन्यानंतर गाठ कुठली नि गर्भ कुठला हे बोटांना कळेनासं होतं.

हात किती फसतो ते १८०९ मध्ये अमेरिकेत दिसलं होतं. केंटकीच्या जेन क्रॉफर्ड यांना जुळं आहे, असं डॉक्टर धरून चालले होते. एफ्रेम मॅकडॉवेल यांनी अंडाशयाची गाठ ओळखली आणि भूल न देता सुमारे १० किलोची ती गाठ काढली. क्रॉफर्ड पुढे ३२ वर्षं जगल्या.

मुंबईतली अडचण हात लावण्याच्याही आधीची. पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला अनेक जणी तयारच नसत. म्हणून १८८६ मध्ये सुरू झालेलं बायकांसाठीचं कामा रुग्णालय आणि तिथल्या स्त्री-डॉक्टर एडिथ पेची यांचं मोल फार मोठं.

१९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी अल्ट्रासाऊंडवरचा निबंध छापला. धातूतल्या भेगा शोधण्याच्या यंत्रावरून त्यांनी पोटातल्या गाठी पाहायला सुरुवात केली होती. असाध्य कर्करोग ठरवलेल्या एका बाईच्या पोटात त्यांना अंडाशयाची साधी सिस्ट दिसली. ती काढली आणि बाई वाचली. 

सोनोग्राफीने डॉक्टरांना थांबायचं बळ दिलं, आणि हाच तिचा सर्वांत मोठा उपकार. सुरुवातीच्या आठवड्यांतली बरीचशी सिस्ट म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक तयार करणारा पीतपिंडच असतो. सातव्या आठवड्याआधी तो काढला तर गर्भ पडतो, हे १९७०च्या दशकात आर्पाद चापो यांनी दाखवलं. सोळाव्या आठवड्यापर्यंत अशा बहुतेक गाठी आपोआप विरतात. उरलेल्या मोठ्या किंवा संशयास्पद गाठींचं ऑपरेशन शक्यतो चौथ्या-पाचव्या महिन्यात करतात.

अशा ऑपरेशनला आज मदत करणारी दुर्बिणीची शस्त्रक्रिया भारतात रुजवली ती मुंबईच्या डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी. १९९० मध्ये त्यांनी जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. गरोदर बाईवर मात्र दुर्बीण वापरूच नये, असं तेव्हा मानत. आता वापरतात, पहिलं छिद्र नेहमीपेक्षा वर घेतात आणि बाईला किंचित डाव्या कुशीवर कलतं ठेवतात.

गाठीमुळे अंडाशयाला पीळ बसला तर मात्र थांबायचं नाही. अचानक कळ, उलट्या, आणि तातडीने ऑपरेशन. पूर्वी काळंनिळं पडलेलं अंडाशय काढूनच टाकत. आता पीळ सोडवून ते बहुतेकदा राखतात, कारण रंग गेलेलं अंडाशयही पुष्कळदा पुन्हा कामाला लागतं.