शिकागो विद्यापीठातील क्रीडाजीवन
विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन विद्यापीठांत मैदानी खेळांस जे अवास्तव माहात्म्य प्राप्त झाले, त्याचे ठळक उदाहरण. १८९२ मध्ये अध्यापनास प्रारंभ होताच अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी एमस ॲलॉन्झो स्टॅग यांस शारीरिक शिक्षण खात्याचे प्रमुख नेमून अध्यापकवर्गात कायम हुद्दा बहाल केला, आणि चाळीस वर्षे तो त्यांजकडेच राहिला. पुरुष विद्यार्थ्यांसाठी रेनॉल्ड्स क्लब (१९०३) व बार्टलेट व्यायामशाळा (१९०४) उभी राहिली. विद्यार्थिनींस मात्र आयडा नॉइस सभागृहासाठी १९१६ पर्यंत तिष्ठावे लागले. १९०५ च्या नोव्हेंबरात फुटबॉलच्या सामन्यात, सलग ५६ सामने अपराजित राहिलेल्या मिशिगन संघाच्या खेळाडूस चेंडूसह त्याच्याच गोलरेषेमागे रेटून शिकागोने २-० असा जय मिळविला. याच हंगामात फुटबॉलमधील प्राणघातक दुखापतींनी लोकमत इतके प्रक्षुब्ध झाले होते, की खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना पाचारण करावे लागले. त्यानंतर १९०६ मध्ये नियमांनुसार चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली. अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ मध्ये विद्यापीठाचा फुटबॉल संघच बरखास्त केला. हा निर्णय धाडसाचा, तसाच विवेकाचाही होता. पुढे याच संघाच्या स्टॅग मैदानाच्या सज्जाखालील कोर्टात २ डिसेंबर १९४२ रोजी पहिली नियंत्रित अणुशृंखला प्रक्रिया घडविण्यात आली.