लाखोळीचा वडा आणि ग्रीकांचा फावा

भंडाऱ्याच्या बाजारांत पायीं हिंडतांना लाखोळीच्या डाळीचा वडा हातीं आला, तर त्याचें गोत्र ग्रीसपर्यंत पोंचतें हें ध्यानीं घ्यावें. धानाच्या बांधींत पेरल्या जाणाऱ्या या डाळीची चुलतबहीण सांतोरिनी बेटावर ‘फावा’ या नांवानें शिजते. तेथील आक्रोतिरीच्या उत्खननांत तिचे सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींचे दाणे मिळाले.

हिपोक्राटीसच्या नांवावरील ग्रंथांत, आयनोस गांवीं सतत कडधान्यें खाणाऱ्यांचे पाय दुर्बळ झाल्याची नोंद आहे. दुष्काळांत महिनोन्‌महिने केवळ लाखोळीवर जगलेल्या आपल्याकडील गरिबांवरही तेंच ओढवलें. १९६१ सालीं तिच्या विक्रीवर निर्बंध आले. दोष दाण्यांत आहेच; परंतु ताटांत दुसरें कांहीं नसणें, हा त्याहून मोठा दोष होय.