कांस, टेकाड आणि लहान ट्रॅक्टर



गावात कोणी ट्रॅक्टर आणला, की पारावर पहिला प्रश्न निघतो, "किती हॉर्सपॉवरचा?" आकडा मोठा असला की ऐकणारे माना डोलावतात. पण ज्याचे वावर टेकाडावर आहे, त्याने आधी दुसराच प्रश्न विचारायला हवा. तो कोणता, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या राज्यातल्या सागर-दमोहकडच्या काळ्या जमिनीत कांस गवत माजले होते. त्याची मुळे खोल जातात. बैलांचा नांगर वरचेवर फिरला, तर मुळे तुटून उलट जास्तच फुटतात. शेतकऱ्यांनी हात टेकले आणि जमिनी पडीक पडल्या. तेव्हा केंद्र सरकारच्या ट्रॅक्टर संघटनेने पट्ट्यावर चालणारी अवजड यंत्रे त्या रानात घातली. सुरुवातीची यंत्रे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराने मागे ठेवलेली होती. पुढे १९४९ मध्ये जागतिक बँकेने शेतीयंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. भर उन्हाळ्यात खोल नांगरट करायची आणि मुळे उन्हात वाळू द्यायची, अशी ती रीत. सपाट, खोल काळ्या मातीत हे मोठ्या यंत्राचेच काम होते.

पण आपली सगळी जमीन तशी आहे का? बंदोबस्ताच्या जुन्या कागदांत आपल्याकडच्या मातीची नावे सापडतात: कन्हार, मोरंड, खरडी, बरडी. कन्हार खोल आणि काळी. बरडी उथळ, गोटाळ, बहुधा उताराची. बरडीत खोल नांगर घातला तर मुरूम वर येतो, आणि मोकळी झालेली चार बोटे माती पहिल्या मोठ्या पावसात नाल्याला लागते. तेव्हा सागरचे औषध रामटेक-पारशिवनीच्या टेकाडाला कसे लागू पडेल?

टेकाडाच्या औषधाची गोष्ट आयर्लंडातली आहे. हॅरी फर्ग्युसन हा तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, तिथल्या शेतीखात्याने त्याला ट्रॅक्टरांचे काम सुधारण्यास सांगितले. त्या वेळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढला जाई. फाळ खडकात अडकला, की मागची चाके जागीच धरली जात, पुढची उचलत आणि यंत्र उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर येई. फर्ग्युसनने अवजार तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडले. खालच्या दोन दांड्या ओढतात, वरची पुढे रेटते. त्यामुळे पुढची चाके जमीन सोडत नाहीत. शिवाय नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. म्हणून हलके यंत्रही भारी काम करू लागले. १९४६ पासून निघालेला त्याचा लहान ट्रॅक्टर दहा वर्षांत ५ लाखांहून अधिक बनला. आज आपल्या दारातल्या ट्रॅक्टरमागेही त्याच तीन दांड्या आहेत.

यातून धडा घ्या. झाडाचा बुंधा ओढायचा झाला, तर साखळी वरच्या दांडीला किंवा आसाला कधी बांधू नका. ती खालच्या ओढपट्टीलाच बांधा. वर बांधली, की १९१७ चा अपघात आपल्या वावरात होतो.

आपल्या देशात १९७४ मध्ये पंजाबातून पंचवीस-सव्वीस हॉर्सपॉवरचा स्वराज आला; पुढे पंधरा हॉर्सपॉवरचेही निघाले. नागपूरजवळ हिंगण्यालाही ट्रॅक्टरचा कारखाना आहे. तेव्हा निवडीला वाव आहे. मात्र कर्ज काढण्याआधी चार गोष्टी बघा. यंत्र बुटके आहे का, आणि चाकांमधले अंतर वाढवता येते का? चारही चाकांना ताकद मिळते का? डोक्यावर लोखंडी कमान आणि बसायला पट्टा आहे का? आणि सुटे भाग तालुक्याला मिळतात का? संत्र्याची बाग असेल, तर फांद्यांखालून जाईल अशी उंचीही मोजा. उतरताना गिअर खालचाच ठेवा, न्यूट्रल करू नका. दोन्ही ब्रेक एकत्र अडकवा. नांगरट उताराला आडवी करावी, हे खरे. पण जिथे आडवे चालताना यंत्र कलंडेल असे वाटते, तिथे ते नेऊच नका. ती जागा बैलांना, गवताला किंवा झाडांना सोडा. वर्षातून दोन दिवसांचे जड काम असेल, तर तेवढ्यासाठी मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणावा. विकत घेऊ नये.

गुरुजी, हे वर्गात दाखवणे सोपे आहे. एका पाटीवर दोन काडेपेट्या ठेवा, एक उभी आणि एक आडवी. पाटीची एक कड हळूहळू उचला. उभी आधी पडेल. मुलांना विचारा, का? उत्तर घेऊन ती घरी जातील, आणि बाप ट्रॅक्टर घ्यायला निघाला असेल तर तो दुकानदाराला पहिला प्रश्न विचारील, "माझ्या उतारावर हा उभा राहील का?"