थ्रोची कुळकथा

एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर ही विमानाची हलती पृष्ठे मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना जितकी वळतात, त्या हालचालीला मॉडेल उडवणारे ‘थ्रो’ म्हणतात. तो अंशांत किंवा पृष्ठाच्या मागच्या कडेशी मिलिमीटरमध्ये मोजतात. दीडशे मिलिमीटर रुंदीचे एलिव्हेटर 12 अंश वळले तर कड सुमारे 31 मिलिमीटर सरकते, 45 अंशांना सुमारे 115. दुसऱ्या विमानाचा मिलिमीटरमधला आकडा उचलायचा असेल तर पृष्ठाची रुंदीही विचारावीच लागते.

थ्रो ठरवण्याची विद्या खऱ्या विमानांतून आली. एलेरॉनसारख्या पृष्ठांचे पेटंट इंग्लंडच्या बोल्टनने 1868 मध्येच घेतले होते. राईट बंधूंनी मात्र पंखच पिळायची युक्ती वापरली. 1902 च्या ग्लायडरमध्ये पंखांचा पीळ आणि रडर त्यांनी एकाच दोरीव्यवस्थेला जोडले. दोन्हींचे प्रमाण बांधलेले होते. 1905 मध्ये रडर वेगळा झाला आणि दोन्ही गोष्टी वैमानिकाच्या हाती स्वतंत्रपणे आल्या. पुढे टायगर मॉथमध्ये वर जाणारे एलेरॉन जास्त आणि खाली जाणारे कमी हलेल अशी जोडणी आली, कारण खाली गेलेले एलेरॉन जास्त ओढ निर्माण करून नाक उलट्या दिशेला खेचते.

भारतीय हवाई दलात टायगर मॉथची जागा घ्यायला एचटी-2 हे धातूचे प्रशिक्षण विमान तयार झाले. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या आणि जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिकीतज्ज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेल्या विष्णू माधव घाटगे यांनी त्याचे आरेखन केले. 5 ऑगस्ट 1951 रोजी ते पहिल्यांदा उडाले. हवाई कसरती करू शकणाऱ्या अशा खऱ्या विमानांत पृष्ठाची कमाल हालचाल, म्हणजेच थ्रो, पक्क्या अडथळ्यांनी बांधलेली असते.

रेडिओवर उडणाऱ्या मॉडेलांची सुरुवात त्याहून ओबडधोबड होती. 1930 च्या दशकातील गुड बंधूंच्या ‘गफ’ या मॉडेलानंतर बराच काळ अनेक मॉडेलांत पिळलेल्या रबरावर चालणारी एस्केपमेंट नावाची यंत्रणा रडर हलवत असे. रडर पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे किंवा मध्ये. अधलेमधले काही नाही. म्हणून थ्रो रडरला जोडलेल्या तारेच्या वाकण्यातच ठरे, आणि तो चुकला तर विमान फिरत फिरत जमिनीवर येई. पुढच्या रीड यंत्रणेत अनेक पृष्ठे हाताळता येऊ लागली, तरी तऱ्हा चालू-बंद हीच राहिली. 1960 मध्ये एड काझमिर्स्की यांनी ‘ओरायन’वर रेडिओ-नियंत्रित कसरतींचे विश्वविजेतेपद मिळवले, ते याच काळात.

प्रमाणशीर नियंत्रण आले आणि दांडी थोडी हलवली तर पृष्ठही थोडेच हलू लागले. 1967 चे विश्वविजेते फिल क्राफ्ट स्वतःच असे संच बनवत. त्यानंतर ड्युअल रेट (एका बटणाने मोठा किंवा छोटा थ्रो निवडण्याची सोय) आणि एक्स्पो (मधल्या स्थितीजवळ दांडीचा परिणाम सौम्य करण्याची सोय) आले, 1980 च्या दशकात संगणकीय ट्रान्समीटर आले, आणि थ्रो बटणांवर बदलता येऊ लागला. ही सोय मोठी, पण तिने एक चुकीची सवयही लावली: जोडणी कशीही करायची आणि उरलेले रेडिओवर दुरुस्त करायचे.

मोठ्या मॉडेल विमानात ही सवय महागात पडते. अडीच मीटरच्या पुढचा पंख आणि दहा-बारा किलो वजन असले की पृष्ठावर हवेचा दाबही तसाच जबर असतो. पृष्ठ हलवणाऱ्या मोटरीचा, म्हणजे सर्व्होचा, आर्म (फिरणारी भुजा) आणि पृष्ठाचा हॉर्न (पृष्ठावरची भुजा) दोन्ही 38 मिलिमीटर असतील, तर सर्व्हो 45 अंश फिरल्यावर पृष्ठही साधारण तितकेच वळते. गरज 15 अंशांचीच असेल आणि रेडिओवर हालचाल तिसऱ्या हिश्शावर आणली, तर सर्व्होची बहुतेक फिरत वाया जाते आणि गिअरची ढिलाई जशीच्या तशी पृष्ठावर येते. आर्म सुमारे 14 मिलिमीटरचा केला तर थ्रो तेवढाच मिळतो, मधल्या स्थितीजवळ ताकद सुमारे पावणेतीनपट होते आणि तीच ढिलाई तितक्या पटीने कमी होते. ढिले पृष्ठ वेगात फडफडू लागले की काही क्षणांत तुटू शकते.

1990 च्या दशकात थ्री-डी उड्डाणाने हा हिशेब अवघड केला. नाक वर करून हवेत टांगून राहण्यासाठी 45 अंश किंवा अधिक थ्रो लागतो, तर नेमक्या रेषा काढायला 10-15 अंश पुरतात. एकाच विमानाला दोन्ही हवे असल्याने आर्म लांब ठेवून ताकदवान सर्व्हो बसवावे लागतात, आणि छोटा थ्रो ड्युअल रेटवर घ्यावा लागतो. इथे रेडिओचा उपयोग रास्त आहे, कारण जोडणी मोठ्या थ्रोसाठी आधीच पूर्ण वापरलेली असते.

एका पृष्ठावर दोन सर्व्हो असतील तर एकाचा पुशरॉड (आर्म आणि हॉर्नला जोडणारी दांडी) सोडून पाहतात: मध्ये आणि हालचालीच्या दोन्ही टोकांना त्याच्या टोकाचा बॉल हॉर्नच्या भोकासमोर आपोआप यायला हवा. तसे नसेल तर सर्व्हो एकमेकांशी झगडतात, गुणगुणतात आणि बॅटरी संपवतात. शेवटची तपासणी हवेत होते. विमान सरळ वर नेऊन एलेरॉनने फिरवतात. नाक रेषेवरून ढळले, तर वरच्या-खालच्या एलेरॉनच्या थ्रोमधला फरक थोडा बदलून पुन्हा उडवतात.