बोरीबंदर ते ठाणे : अंतर एक, वेळा अनेक

16 एप्रिल 1853 रोजी दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी चौदा डब्यांची आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने तिला जोडली होती. आत सुमारे चारशे प्रवासी होते. अंतर 21 मैल, म्हणजे जवळजवळ 34 किलोमीटर. वेळ किती लागला? बहुतेक पुस्तकांत 57 मिनिटे हा आकडा आढळतो, काही ठिकाणी सव्वा तास. पहिला धरला तर सरासरी वेग ताशी सुमारे 36 किलोमीटर येतो. दुसरा धरला तर ताशी 27. आकडा कोणताही घ्या, एक प्रश्न उरतोच : घड्याळ केव्हा सुरू केले, केव्हा थांबवले, आणि वाटेतले थांबे धरले की वगळले?

आता आजची धीमी लोकल पाहू. तिलाही ठाण्याला पोचायला साधारण तासभर लागतो. मग पावणेदोनशे वर्षांत आपण काय कमावले? उत्तर थांब्यांत आहे. आज वाटेत 17 स्थानके आहेत. गाडीचा वेग कमी होणे, थांबणे आणि पुन्हा वेग घेणे यांत प्रत्येक ठिकाणी एक मिनिट जादा जाते असे समजू. तासातून 17 मिनिटे वजा केली की 43 उरतात. जलद लोकल एवढाच, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा वेळ घेते.

वेळेप्रमाणे अंतरही एकच नसते. 1 मे 1854 रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. ठाणे आणि कल्याण ही स्थानके सरळ रेषेत सुमारे 17 किलोमीटर दूर आहेत, पण रुळांवरून ते अंतर 20 किलोमीटर भरते. मध्ये खाडी आहे आणि पारसिकचा डोंगर आहे. जुना मार्ग मुंब्र्याकडून वळसा घेऊन जातो. हा वळसा टाळणारा, सुमारे 1.3 किलोमीटर लांबीचा पारसिक बोगदा 1916 मध्ये वापरात आला.

विमानाला डोंगर आडवा येत नाही, तरी हिशेब तोच. मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. जाताना उंचावरचे पश्चिमी वारे बहुधा समोरून येतात, परतताना पाठीमागून. म्हणून परतीचा प्रवास साधारणपणे लवकर संपतो. शिवाय वेळापत्रकातल्या वेळेत विमान धावपट्टीपर्यंत नेण्याचा आणि उतरल्यावर जागेवर आणून उभे करण्याचा वेळही धरलेला असतो. प्रत्यक्ष उड्डाण त्याहून कमी वेळाचे असते.

अंतर भागिले वेळ हे सूत्र विद्यार्थी पाठ करतात. पण त्यातून मिळतो तो केवळ सरासरी वेग; एखाद्या क्षणी गाडी किती वेगाने धावत होती ते त्यावरून कळत नाही.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. नकाशावर ठाणे ते कल्याण हे अंतर आधी पट्टीने आणि मग रुळांवर दोरा ठेवून मोजायला सांगावे. डोंबिवलीच्या विद्यार्थ्याने ठाण्यापर्यंतच्या प्रवासाचे दोन वेळ नोंदवावेत : एक गाडी सुटल्यापासूनचा, दुसरा घराचे दार ओढून घेतल्यापासूनचा. दोन्ही उत्तरे बरोबर असतील. मात्र प्रत्येक उत्तराशेजारी, आपण नेमके काय मोजले, हे लिहिलेले असले पाहिजे. 1853 च्या त्या प्रवासाचा आकडा वाचतानाही हेच विचारायला हवे.