माकडताप : नावामागे दडलेली गोचीड

१९५७ सालच्या मार्च महिन्यात तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यातून एक अस्वस्थ करणारी वार्ता पुण्यास पोहोचली. सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि माकडे मरून पडत होती आणि आसपासच्या गावांतील माणसे तीव्र तापाने अंथरुणाला खिळत होती. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, तेव्हा अवघ्या पाच वर्षांचे होते. आयसीएमआर आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ साली ते संयुक्तपणे उभारले होते.

शास्त्रज्ञांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत माकडांचे मृत्यू ही पीतज्वराची पूर्वसूचना मानली जाते. भारतात हा रोग कधीच नव्हता, परंतु त्याचा प्रसार करू शकणारा एडिस डास मात्र सर्वत्र होता. शंका खरी ठरली असती तर संकट देशव्यापी झाले असते. टेलफोर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांच्या पथकाने रुग्णांचे रक्त, मृत माकडांची ऊती आणि जंगलातील कीटक यांची तपासणी केली. विषाणू सापडला, पण तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे जवळचे नाते निघाले ते हजारो किलोमीटर दूर असलेल्या रशियातील मेंदूज्वराच्या विषाणूशी. आणि त्याचा वाहक डास नसून गोचीड होती. या रोगास ‘क्यासनूर वनज्वर’ असे नाव मिळाले.

रशियाशी जुळणारे हे नाते पाहून एक धाडसी तर्क पुढे आला : स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींसोबत हा विषाणू भारतात आला असेल काय? त्याच्या शोधासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचे सिद्ध झाले नाही. मात्र भारतातील पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी मोलाची माहिती त्यातून हाती आली.

खरे उत्तर जमिनीवरच्या पाचोळ्यात होते. या रोगाची प्रमुख वाहक असलेली ‘हिमोफायसॅलिस स्पिनिजेरा’ ही गोचीड आयुष्यात तीनदा रक्त शोषते आणि प्रत्येक वेळी निराळ्या प्राण्याचे. अळीच्या आणि त्यानंतरच्या पिलाच्या अवस्थेत ती उंदरांसारखे लहान प्राणी, पक्षी, माकडे किंवा माणूस यांना चिकटते. प्रौढावस्थेत मोठी गुरे शोधते. पिलू तिळाहून लहान असते आणि त्याचा दंश बहुधा जाणवतही नाही. पावसाळा सरल्यावर, साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत, ही पिले जंगलात विपुल असतात. सरपण, पाला आणि काजू वेचण्यासाठी माणसे जंगलात जातात तीही याच महिन्यांत. आजारी माकड मरून पडले की त्याच्या अंगावरील गोचिडी उतरून त्याच जागी विखुरतात आणि तो भाग धोकादायक बनतो.

कोलंबियात पीतज्वरावर काम केलेले होर्हे बोशेल यांनी १९६०च्या दशकात या प्रश्नाकडे परिसंस्थेच्या दृष्टीने पाहिले. विषाणू जंगलात पूर्वीपासूनच असावा. माणसाने शेतीसाठी जंगल तोडले, गुरे आत नेली, गुरांच्या रक्तावर गोचिडींची संख्या बेसुमार वाढली आणि सुप्त रोग साथीच्या रूपाने प्रकटला, अशी त्यांची मांडणी होती. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी दक्षिण कर्नाटकातील बेळतंगडी तालुक्यात काजू लागवडीसाठी जंगल तोडल्यानंतर मोठी साथ उसळली, तेव्हा या मांडणीला बळ मिळाले.

क्यासनूरच्या परिसरात लोक या रोगाला ‘मंगन कायिले’ म्हणतात. मराठीत तोच ‘माकडताप’. माकडे मरतात तेव्हाच माणसे आजारी पडतात, हे ग्रामस्थांनी अचूक टिपले होते. परंतु दोन घटना एकत्र घडणे आणि एक दुसरीचे कारण असणे यांत अंतर असते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको. माकड हे आपल्यासारखेच या विषाणूचे बळी आहे. रोगाच्या नावामुळे दोष मात्र त्याच्या माथी बसतो आणि खऱ्या वाहकाकडे दुर्लक्ष होते.

दीर्घकाळ हा रोग कर्नाटकाच्या मोजक्या तालुक्यांपुरता मानला गेला. २०१२नंतर ते चित्र बदलले. बंदीपूर, वायनाड, निलगिरी, २०१५ साली गोव्यातील सत्तरी आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग येथे त्याची नोंद झाली. सुमारे ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात. रोगावर नेमके औषध नाही. उपचार लक्षणांनुसारच करावे लागतात. लसीचा इतिहासही निराशाजनक आहे. रशियन मेंदूज्वरावरील लस आरंभी वापरून पाहिली गेली, ती निष्प्रभ ठरली. पुढे कर्नाटकात अनेक वर्षे दिलेल्या लसीचे संरक्षण अल्पकाळ टिके आणि मात्रा पुनःपुन्हा घ्याव्या लागत; २०२२ साली तिचा वापर थांबला. नव्या लसीचे काम आयसीएमआरने हाती घेतले आहे.

तोवर ज्ञान हेच मुख्य संरक्षण आहे, आणि ते साधे आहे. जंगलात जाताना पूर्ण अंग झाकणारे कपडे घालावेत, उघड्या अंगाला डीएमपी तेल लावावे, पाचोळ्यावर बसू नये. परतल्यावर गरम पाण्याने स्नान करावे, कपडे धुवावेत आणि अंग तपासावे. मृत माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य किंवा वन विभागास तत्काळ कळवावे. जंगलात जाऊन आल्यानंतर आठवडाभरात अचानक ताप, तीव्र डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाल्यास डॉक्टरांना जंगलाचा उल्लेख अवश्य करावा. तो नसेल तर निदान अन्य तापांच्या गर्दीत हरवते.

१९५७ साली शोधाची सुरुवात प्रयोगशाळेत झाली नव्हती. मेलेल्या माकडांकडे कोणीतरी लक्ष दिले आणि ती बातमी योग्य ठिकाणी पोहोचवली, म्हणून विषाणू सापडला. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या प्रत्येक गावाकडून आजही तेवढीच अपेक्षा आहे.